जुन्या मर्सिडीजला बाहेरची अलॉय चाकं: बोल्ट कोणते घ्यायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ आणि डब्ल्यू१२४ या दोन मॉडेलांसाठी आहे. यातली डब्ल्यू१२४ तर १९९५ पासून पुण्यातच जोडली जायची, त्यामुळे महाराष्ट्रात ती अजून बऱ्यापैकी दिसते. मोजमापाची पद्धत मात्र चाकाला नटाऐवजी बोल्ट लागणाऱ्या कोणत्याही जुन्या गाडीला चालेल.

नवीन अलॉय घेतली. जुनेच बोल्ट लावले तर काय बिघडतं?

आटे जुळतील, बोल्ट आत जाईल, घट्टही होईल. म्हणूनच चूक कळत नाही. चाकाचा बोल्ट तीन ठिकाणी जुळावा लागतो. आटे हबशी (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा फिरणारा भाग), बैठक (डोक्याखालचा टेकणारा भाग) चाकाशी आणि लांबी दोघांशी. चाक बदललं की आटे तेच राहतात, पण बैठक आणि लांबी दोन्ही बदलू शकतात. दुकानात "मर्सिडीजचे बोल्ट द्या" एवढंच सांगितलं तर त्यातली पहिली गोष्टच नक्की होते, उरलेल्या दोन नशिबावर.

माझ्या गाडीची मूळ मापं काय आहेत?

डब्ल्यू१२३ आणि डब्ल्यू१२४ दोन्हींना प्रत्येक चाकाला पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) ११२ मिमी, हबच्या मधल्या गोल उंचवट्याचा व्यास ६६.६ मिमी. बोल्ट एम१२ × १.५, म्हणजे दांडा १२ मिमी जाड आणि एका फेऱ्यात १.५ मिमी पुढे सरकणारा. बैठक गोल, आर१२, म्हणजे १२ मिमी त्रिज्येच्या चेंडूचा भाग असावा तशी. डोकं १७ मिमीच्या पान्याचं.

लांबी मुद्दाम लिहिलेली नाही. ती गाडीची नसते, त्या-त्या चाकाची असते. मूळ पोलादी चाकाचा बोल्ट आखूड, मूळ अलॉयचा लांब. 'बंट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १४ इंची अलॉयचेही लांबच.

गोल बैठक, शंकू बैठक हा काय प्रकार आहे? डोळ्यांनी ओळखता येतं का?

चाकाच्या भोकाचा जो भाग बोल्टच्या डोक्याखाली दाबला जातो, ती बैठक. तीन आकार भेटतात. गोल बैठक वाटीसारखी असते, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन-आउडीच्या कंपनीच्या चाकांना ती असते. शंकू बैठक सरळ उताराची, बहुतेक वेळा ६० अंशांची. बीएमडब्ल्यूला आणि बाजारातल्या बहुसंख्य अलॉयना हीच. तिसरी सपाट, वॉशरसह, पण या गाड्यांवर ती क्वचितच दिसते.

बोल्ट हातात घेऊन बाजूने पाहा. डोक्याखालचा उतार पट्टी लावल्यावर सरळ रेषेत दिसला तर शंकू, पोट फुगलेलं दिसलं तर गोल. चाकाचं भोक पाहणं जरा अवघड, कारण ते खोल आणि अंधारात असतं. टॉर्च लावा आणि बोट फिरवा. शंकूत बोट सरळ घसरतं, वाटीत वळतं.

आकार चुकला तर बोल्ट संपूर्ण बैठकीवर न टेकता एका बारीक कड्यावर टेकतो. टॉर्क रेंचचा (ठरवलेल्या जोराला पोचल्यावर आवाज करणाऱ्या पान्याचा) 'टक' आवाज बरोबर येतो, पण तो दाब त्या बारीक कड्यावरच. शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये अॅल्युमिनियमची ती कड चेपते, बोल्टमधला ताण निघून जातो आणि चाक सैल पडतं. बोल्ट स्वतःहून फिरून निघाला असं लोकांना वाटतं. खरं तर त्याच्याखालची जागाच बसलेली असते.

गोल बैठकीतही आर१२, आर१३, आर१४ असतात म्हणे. एवढ्याने फरक पडतो?

पडतो, आणि जुन्या मर्सिडीजवाल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. फोक्सवॅगन-आउडीची गोल बैठक आर१३. मर्सिडीजच्या पुढच्या पिढ्यांत, उदाहरणार्थ डब्ल्यू२०४ आणि डब्ल्यू२१२ मध्ये, बोल्ट एम१४ × १.५ झाले आणि बैठक आर१४.

आता समजा डब्ल्यू२१२ ची सुंदर १७ इंची चाकं स्वस्तात मिळाली. पीसीडी ११२, मधलं भोक ६६.६, सगळं जुळतं. गाडीचे मूळ एम१२ आर१२ बोल्ट त्यात घातले की १२ त्रिज्येचा चेंडू १४ त्रिज्येच्या वाटीत तळाच्या कडेला टेकतो. बाहेरून काहीही वावगं दिसत नाही. अशा चाकांसाठी आटे एम१२ × १.५ आणि बैठक आर१४ असे खास बोल्ट मिळतात, तेच मागायचे. उलटा मार्ग, म्हणजे हबची भोकं मोठी करून एम१४ चे आटे पाडणं, अजिबात नको.

बैठक जुळते की नाही हे घरी तपासायची खात्रीची पद्धत?

निळा मार्किंगचा रंग, म्हणजे लेथवाल्यांकडे असतो तो प्रशियन ब्लू. नसेल तर जाड मार्कर. बोल्टच्या बैठकीवर पातळ थर लावा. चाक गाडीला लावून हा एकच बोल्ट साध्या पान्याने हलका आवळा, २० ते ३० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नको. काढा आणि चाकाच्या भोकात पाहा.

सर्व बाजूंनी रुंद, अखंड पट्टा उमटला तर बैठक जुळली. भोकाच्या आतल्या कडेला बारीक रेघ उमटली तर बोल्टची त्रिज्या लहान आहे, बाहेरच्या कडेला उमटली तर मोठी. अर्धाच गोल उमटला तर पीसीडीत किंवा मधल्या भोकात गडबड आहे, आणि ती गडबड बोल्ट बदलून जाणार नाही.

लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची?

गोल आणि शंकू बैठकीच्या बोल्टची लांबी बैठक संपते तिथून टोकापर्यंत. डोकं आणि बैठक त्यात धरत नाहीत. सपाट बैठकीच्या बोल्टची डोक्याच्या खालच्या पृष्ठभागापासून. ऑनलाइन मागवताना काही विक्रेते डोक्यासकट एकूण लांबी लिहितात. चित्रात बाण कुठून कुठे आहे ते बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

मग मला किती लांबीचा हवा?

यात तक्त्यावर विसंबू नका. मूळ चाक आणि त्याचा मूळ बोल्ट हाच सगळ्यात चांगला तक्ता.

मूळ चाक जमिनीवर ठेवा, मूळ बोल्ट समोरून भोकात घालून बैठकीला टेकवा. चाकाच्या मागच्या, हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून बोल्ट किती बाहेर येतो ते व्हर्नियरने मोजा. हा आकडा कंपनीने ठरवलेला आहे. आता तोच बोल्ट नव्या चाकात घाला आणि पुन्हा मोजा. जेवढा फरक, तेवढी लांबी वाढवायची किंवा कमी करायची.

उदाहरण. मूळ चाकातून बोल्ट २३ मिमी बाहेर येतो, नव्यातून १५ मिमी. आठ मिमी कमी पडतात. जुन्या बोल्टची लांबी ३२ असेल तर नवा ४० चा हवा. ४० चा मिळाला नाही तर एक-दोन मिमी इकडेतिकडे चालेल, पण लांबीकडे सरकताना मागे जागा आहे का हे आधी बघायचं. बैठकीचा आकार वेगळा असेल तर नव्या चाकाचं माप त्याच बैठकीच्या बोल्टने घ्या, नाहीतर आकडा खोटा येतो.

मूळ चाकच नसेल तर निदान हबमध्ये बोल्टच्या जाडीएवढे आटे धरले पाहिजेत, एम१२ ला १२ मिमी. १.५ च्या पिचला म्हणजे आठ पूर्ण फेरे. चाक लावून बोल्ट हाताने फिरवत मोजा. पहिला आटा पकडल्यापासून बैठक टेकेपर्यंत आठ फेरे झाले तर ठीक. पाच-सहा फेऱ्यांतच टेकला तर त्या बोल्टवर गाडी रस्त्यावर नेऊ नका. पुढचं आणि मागचं चाक वेगळं मोजा, एकावरून दुसऱ्याचा अंदाज नको.

बोल्ट थोडा लांब असला तर काय होतं? जास्त धरेल ना?

हबच्या जाडीपलीकडे गेलेला आटा काहीही धरत नाही, फक्त मागच्या कशाला तरी लागतो. या गाड्यांत मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचा छोटा ड्रम असतो, आणि हबच्या मागे त्याचे शू, स्प्रिंगा, ॲडजस्टरचं दातेरी चाक अशी गर्दी असते. हँडब्रेक ॲडजस्ट करताना मेकॅनिक एक चाकाचा बोल्ट काढून त्याच भोकातून स्क्रूड्रायव्हर घालतो, यावरून तो भाग किती जवळ आहे ते समजा. लांब बोल्ट तिथे स्प्रिंग उखडतो किंवा शूला घासत राहतो. त्याहून वाईट म्हणजे बोल्ट बैठकीला टेकण्याआधीच मागे अडकतो. मग टॉर्क रेंच बरोबर 'टक' करतो आणि चाक मात्र दाबलंच गेलेलं नसतं.

तपासणी सोपी आहे. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा भाग जॅकवर घेऊन स्टँडवर ठेवा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. पाचही बोल्ट आवळून चाक हाताने सावकाश पूर्ण फिरवा. 'टिक' आवाज आला किंवा ठरावीक जागी जड लागलं तर बोल्ट काढून टोकावर घासल्याची चमक दिसते का पाहा.

स्टेपनी पोलादी आहे. पंक्चर झालं की अलॉयचेच बोल्ट लावायचे ना?

नाही. अलॉयचा लांब बोल्ट पातळ पोलादी चाकातून हबच्या मागे बरोबर वर सांगितलेल्या ठिकाणी पोचतो. म्हणूनच अलॉय असलेल्या गाड्यांसोबत कंपनी स्टेपनीसाठी आखूड बोल्टांचा वेगळा संच द्यायची. वापरलेल्या गाडीत तो बहुतेक हरवलेला असतो. पाच आखूड बोल्ट पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवा आणि पिशवीवर 'स्टेपनी' असं लिहा, म्हणजे रात्री घाटात पंक्चर काढणाऱ्यालाही कळेल.

स्पेसर टाकला तर?

स्पेसर म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती. जेवढा जाड स्पेसर, तेवढी बोल्टची लांबी वाढवा. १० मिमी स्पेसर, १० मिमी लांब बोल्ट. पातळ स्पेसर हबच्या मधल्या उंचवट्याची बरीचशी उंची खाऊन टाकतो आणि चाक मध्यावर बसायला आधारच उरत नाही. उंचवट्यावर नीट बसणारा आणि पुढे स्वतःचा उंचवटा असलेला स्पेसर घ्या, किंवा घेऊच नका. आमचा कल दुसऱ्याकडे. योग्य ईटीचं (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या अंतराचं) चाक मिळत असताना स्पेसर लावणं म्हणजे तपासायच्या जागा दुप्पट करणं.

मधलं भोक मोठं आहे. बोल्टनेच चाक मध्यावर येईल ना?

बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, ७२.६ किंवा ७३.१ असं, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना चालतं. त्यात ६६.६ ची रिंग बसवायची. उन्हाने आणि ब्रेकच्या उष्णतेने प्लास्टिकची रिंग ठिसूळ होते, अॅल्युमिनियमची बरी. बोल्ट ओढून चाक जवळपास मध्यावर येतं, पण 'जवळपास'मुळे ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि मग लोक बॅलन्सिंग करत बसतात. उलट भोक लहान असेल, उदाहरणार्थ ५७.१ मिमीचं जुन्या आउडीचं चाक, तर पीसीडी ११२ असूनही ते हबवर चढणारच नाही.

आटे १.२५ चे की १.५ चे, कसं ओळखू?

पिच गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. नसेल तर नक्की माहीत असलेल्या बोल्टशी आट्यात आटा घालून उजेडात धरा, फट दिसली तर वेगळा. हे सांगायचं कारण, आपल्याकडे एम१२ × १.२५ सर्रास पडलेले असतात. उनो, पालिओ या फियाटना हेच बोल्ट लागतात, मारुतीच्या चाकांच्या नटांचे आटेही हेच. १.२५ चा बोल्ट १.५ च्या हबमध्ये एक-दीड फेरा आरामात जातो, मग जड लागतो. तिथे एअर गन लावली की हबचे आटे संपले. म्हणून पहिले पाच-सहा फेरे नेहमी बोटांनीच. बोटांनी फिरत नसेल तर काहीतरी चुकलंय.

पीसीडी १०८ किंवा ११० चं चाक 'वॉबल' बोल्टने बसतं म्हणतात.

वॉबल बोल्टची बैठक वेगळी, हलणारी असते आणि पीसीडीतला एक-दोन मिमीचा फरक ती सामावून घेते. म्हणजे ११२ च्या हबवर फार तर ११० चं, १०८ चं नाही. फियाटच्या ९८ च्या हबवर १०० ची चाकं अशीच चढवतात. चांगल्या कंपनीचे बोल्ट आणि मधलं भोक अचूक असेल तर ते चालतात. पण दीड टन वजनाच्या जुन्या सेडानसाठी ११२ ची चाकं ढिगाने मिळत असताना ही कसरत कशाला?

बोल्टच्या डोक्यावरचा १०.९ म्हणजे काय? स्टेनलेसचे घेतले तर गंजणार नाहीत.

१०.९ म्हणजे तुटण्याची ताकद साधारण १००० मेगापास्कल, आणि तिच्या ९० टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. एम१२ × १.५ चा बोल्ट ११० न्यूटन-मीटरला आवळला की त्यात अंदाजे साडेचार टनांची ओढ तयार होते, म्हणजे सुमारे ५२० मेगापास्कलचा ताण. १०.९ च्या बोल्टला हे सहज पेलतं. बाजारातला साधा ए२-७० स्टेनलेस बोल्ट मात्र ४५० लाच ताणू लागतो. शिवाय स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांना चिकटून जाम होतात. त्यामुळे नाही.

डोक्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही नसलेला बोल्ट घेऊ नका. बैठकीवर चकचकीत क्रोम असलेलेही टाळा. क्रोमचा पापुद्रा दाबाखाली सुटतो आणि बोल्ट सैल पडतो. झिंक किंवा काळ्या-करड्या कोटिंगचे साधे बोल्ट उत्तम.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू का? कोकणात गंज फार धरतो.

आट्यांना आणि बैठकीला काहीही नको. तारेच्या ब्रशने साफ, कोरडे. तेल लावल्यावर घर्षण कमी होतं आणि त्याच ११० ला बोल्टमधली ओढ साडेचारवरून सहा टनांपर्यंत जाऊ शकते. दरवेळी असं झालं की बोल्ट ताणतो, बैठकही चेपते.

गंजाचा खरा त्रास मधल्या उंचवट्यावर होतो. समुद्राकाठच्या हवेत पोलादी हब आणि अॅल्युमिनियमचं चाक एकमेकांना असं धरतात की बोल्ट काढूनही चाक निघत नाही. तिथे, फक्त तिथेच, अँटी-सीझचा (भाग एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या. हब आणि डिस्कचा टेकणारा भाग खरवडून साफ करा. गंजाची एक खपली मध्ये राहिली तरी चाक तिरकं बसतं.

चाकं नव्याने पावडर कोटिंग करून आणली आणि बोल्ट दर आठवड्याला सैल होतात.

कोटिंगवाल्याने बैठकीवर आणि मागच्या पृष्ठभागावर रंग चढवला आहे. दाबाखाली हा थर चेपत राहतो. रंग काढणारं रसायन लावून बैठक उघड्या धातूपर्यंत साफ करा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपरचं चाक लावू नका, बैठकीचा आकार बिघडतो. पुढच्या वेळी देतानाच दोन्ही जागा टेप लावून झाकायला सांगा.

आवळायचं कसं?

गाडीच्या टूलकिटमध्ये एक साधी पिन असते, ती वरच्या भोकात फिरवून चाक तिच्यावर टांगा. चाक एका हाताने पेलत दुसऱ्या हाताने बोल्ट शोधण्यापेक्षा हे सोपं, आणि चाक निसटून आटे खराब होत नाहीत. चार बोल्ट बोटांनी लावा, पिन काढा, पाचवा लावा. चाक हवेत असतानाच ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून पुढचा असे, हलके आवळा. मग गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचने दोन टप्प्यांत, आधी ६० आणि मग ११० न्यूटन-मीटर. गाडीच्या किंवा चाकाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाकं थंड असताना, पुन्हा ११० ला तपासा. एखादा बोल्ट पाव फेऱ्याहून जास्त फिरला तर नुसता आवळून सोडू नका, काढून बैठक बघा.

टायरवाल्याकडे गेलात तर एअर गन फक्त सोडवण्यापुरती, असं सुरुवातीलाच सांगा.

पान्याचा सॉकेट भोकात जातच नाही.

बाजारातल्या अलॉयची भोकं अरुंद असतात. पातळ भिंतीचा १७ मिमी सॉकेट घ्या. तोही जात नसेल तर आत खाचा असलेले, खास चावीने फिरणारे बोल्ट येतात. ही चावी आणि चोरीविरोधी बोल्टची चावी एअर गनला कधीच लावायची नाही, एका झटक्यात तिचे दात जातात.

जर्मनीत गाडी आहे, तिथे काही वेगळं?

हो. तिथे चाकाच्या मंजुरीच्या कागदात बोल्टचा प्रकार, आटे, लांबी आणि टॉर्क लिहिलेला असतो. टीयूव्हीच्या (तिथल्या वाहन तपासणी संस्थेच्या) तपासणीला तोच बोल्ट लागतो. भारतात बसूनही त्या चाकाचा हा कागद मिळाला तर मोजमापाचं अर्धं काम होतं.

जुने बोल्ट कधी टाकून द्यायचे?

नव्या बोल्टशेजारी उभा करा. आट्यांची रांग पुढे सरकलेली दिसली तर तो ताणला आहे. बैठकीवर खोल ओरखडे, आट्यांवर खड्डे पडलेला गंज, गोलसर झालेलं डोकं, यातलं काहीही असेल तर टाका. एका चाकाचा एक तुटला तर त्या चाकाचे पाचही बदला, कारण उरलेल्या चौघांनी त्याचा भार उचललेला असतो. भोकापासून बाहेर पसरलेले तांबूस ओघळ दिसले तर चाक काही काळ सैल फिरलं आहे असं समजा. भोक अंडाकृती झालं असेल तर ते चाक भंगारात.

एकूण किती आणि काय मागवू?

चार चाकांना मोजून ठरवलेले २० लांब बोल्ट, पुढचं-मागचं माप वेगळं आलं तर १० आणि १०. पोलादी स्टेपनीसाठी ५ आखूड. लांबातला एक जास्तीचा. चोरीविरोधी संच घेतलात तर वीसपैकी चार तेवढे कमी, आणि त्यांचीही बैठक आणि लांबी तीच हवी. संचासोबत आलेल्या कागदावर चावीचा क्रमांक असतो, तो कागद गाडीत न ठेवता घरी ठेवा.